हाशाबाबांची जीभ

बांधावर त्या सकाळी आम्ही चोवीस जण होतो. छत्र्या नऊ, प्लास्टिकची इरली चौदा, आणि हाशाबाबा, ज्यांच्या डोक्यावर काहीच नव्हतं. बांधाच्या एका अंगाला खाडी, भरतीला अजून दोन तास. दुसऱ्या अंगाला अठरा घरांची अठरा खाचरं, प्रत्येकात घोट्याच्या वर पाणी. मागे माळावर याच अठरा घरांची भाताची रोपं, सत्तावीस दिवसांची झालेली. रात्रीत पडलेला पाऊस माझ्या मापकात एकसष्ट मिलिमीटर भरला होता.

हाशाबाबा पहिल्या खाचरात उतरले. उजव्या हाताची तीन बोटं पाण्यात बुडवली, जिभेच्या टोकाला लावली आणि डोळे मिटले. मग थुंकले.

"नाय."

कमलाकरने वहीत लिहिलं. तो बांध समितीचा सचिव, चाळिशीचा, हाडकुळा, बोलण्याआधी खाकरणारा. दुसऱ्या खाचरात पुन्हा तीन बोटं. "नाय." तिसऱ्यात, "नाय." चौथं खाचर खुद्द कमलाकरचं होतं. तिथे "नाय" ऐकल्यावर त्याने लिहिलंच नाही.

"बाबा, जरा नीट बघा. रातभर धुतलंय."

"मंग तू उतर. तू चाख."

"मना काय कलतं त्यातलं?"

"नाय ना कलत? मंग लिव."

बांधावरची माणसं हसली. हसू जरा आखूडच होतं.

त्यांच्या मागोमाग मीही प्रत्येक खाचरात उतरत होते. माझ्याकडे पेनाएवढा एक मीटर होता. पाण्यात धरला की लिटरमागे किती ग्रॅम मीठ आहे ते दाखवायचा. त्यामुळे गावात माझं नाव मीटरबाय पडलं होतं. खरं नाव अनुजा, गाव कराड, शिक्षण रसायनशास्त्रात एम.एस्सी. खारजमिनीवर काम करणाऱ्या एका संस्थेत मी दुसऱ्या वर्षी नोंदी घेत होते. ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट.

पेण तालुक्यातली ही जमीन कधीकाळी खाडी मागे हटवून मिळवलेली. बांध घातला म्हणून ती जमीन. उन्हाळ्यात तिच्या पोटातला खार वर येतो आणि ढेकळांवर पांढरा थर धरतो. पावसाळ्यात पाणी साचवायचं, खार त्यात उतरू द्यायचा, ओहोटीला उघाडी, म्हणजे बांधातलं लाकडी दार, उघडून ते पाणी खाडीत सोडायचं. असं तीन-चारदा केलं की जमीन भाताजोगी होते. घाई केली तर रोपं आठ दिवसांत करपतात. उशीर केला तर रोपं म्हातारी होतात, फुटवे धरत नाहीत. मधला नेमका दिवस हाशाबाबांची जीभ सांगायची. त्यांच्याआधी त्यांच्या वडिलांची जीभ सांगायची. निम्म्याहून जास्त खाचरं जिभेने पास केल्याशिवाय कोणी लावणीला हात घालायचा नाही, कारण अठराही घरं एकमेकांच्या खाचरात मिळून लावणी करायची. एकदा सुरू झाली की थांबायची नाही.

अठरावं खाचर झालं. कमलाकरने बेरीज वाचली. "हां पाच. नाय तेरा."

"पाच दिसांनी परत बघू," हाशाबाबा म्हणाले आणि बांधावर चढले. इरली आणि छत्र्या एका ओळीने गावाकडे निघाल्या.

मी माझी वही बघत मागे राहिले. लिटरला दोन पूर्णांक तीन ग्रॅमच्या खाली असलेली खाचरं चौदा होती.

दोन पूर्णांक तीन हा आकडा मी पुस्तकातून घेतलेला नव्हता, हाशाबाबांकडूनच घेतला होता. आदल्या वर्षी मी असाच मीटर घेऊन त्यांच्या मागे फिरले होते. ते "हां" म्हणाले ती सगळी पाणी दोन पूर्णांक तीनच्या खाली निघाली आणि "नाय" म्हणाले ती वर. अठरापैकी सतरा वेळा. अठरावं पाणी बरोबर दोन पूर्णांक तीन होतं आणि तिथे ते बराच वेळ डोळे मिटून उभे होते. त्या दिवशी मी या माणसापुढे मनातल्या मनात हात जोडले होते. यंदा मात्र मीटर आणि जीभ अठरापैकी नऊ वेळा जुळली. छापा-काटा केला असता तरी नऊ आले असते.

कमलाकर माझ्यासाठी थांबला होता. खाकरला.

"मीटर काय बोलतो?"

मी वही दाखवली.

"चौदा!" तो म्हणाला. "आन परवापासून उघडीप सांगितलीय रेडिओवर. आठ-दहा दिवस. ऊन पडलं की हेच पाणी आटणार आन खार परत चढणार. पुढच्या उधाणाची भरती बांधावरून आत आली तर विचारूच नका. गेल्या साली दोनदा आली. बाबांच्या तरुणपणी दहा वर्षांतून एकदा यायची. माझ्या रोपाला गाठ धरायला लागलीय, मॅडम. पाच दिवस थांबलो तर पंधरा दिवस थांबलो असंच होणार. मग ते रोप गुरांना."

"मग सांगा ना बाबांना."

"काय सांगू? मशीन बोलते म्हणून?" त्याने बांधापलीकडे थुंकून घेतलं. "चार वर्षांमागे एक साहेब असंच मशीन घेऊन आलते. बाबा नाय बोलत होते, साहेब लावा बोलले. आम्ही तिघांनी ऐकलं. नवव्या दिवशी खाचरात काय नव्हतं, नुसतं तांबडं. तेव्हापासून गावात बाबांच्या जिभेवर बोलायची सोय नाय. आन खरं सांगू? मी पण बोलणार नाय. त्या तिघातला एक मी होतो."

जून लागल्यापासून मी हाशाबाबांच्याच घरी राहत होते. आदल्या वर्षी पेणहून एस.टी.ने डबा घेऊन यायचे, त्यात अर्धा दिवस जायचा. या घरात दोघंच, हाशाबाबा आणि चांगुणाआजी. मुलगा उरणला बंदरात कामाला. पहिल्या आठवड्यात मला आजींचा स्वयंपाक बेचव वाटला होता, पण कराडच्या माणसाला कुठलाही स्वयंपाक पहिल्या आठवड्यात बेचवच वाटतो. नंतर मी दोन वेळा भात मागून घ्यायला लागले.

त्या दुपारी मीटरची तपासणी करून मी जेवायला बसले. ठरलेल्या ताकदीच्या मिठाच्या पाण्याची एक सीलबंद बाटली माझ्याकडे असायची, त्यात मीटर बुडवायचा आणि बाटलीवरचा आकडा येतो का बघायचं. आला. तीनदा आला.

हाशाबाबा डाळ-भात कालवत होते. स्वारी खुशीत नव्हती, पण गप्पही नव्हती.

"मी तुना सांगतो बाय, आधी आखाडात पंधरा पंधरा दिस धार तुटायची नाय. जमीन अशी धुऊन निघायची का पायाला गोडी लागायची. आता चार दिसात सगला वतून मोकला, मंग आठ दिस ऊन. कवा धुवायची जमीन? आमी काय कमी केलं? बांध हातभर उचलला. उघाडीला नवीन फली बसवली. सगल्यांनी मिलून रत्ता भाताचं जुनं बी परत आनलं, ते खार सोसतं म्हनून. आन तरी यंदा सतरा दिस धुऊन पान्यात खारच खार."

"बाबा, यंदा खरंच जास्त आहे खार?"

"तर! ह्या वर्सात सगलंच खारट. रोहिदासच्या पोरीच्या लग्नात आमटी तोंडात घालवंना. गनपाच्या बारशाला तेच. मी बोललो पन त्यांना, बाबांनो, मीठ काय फुकट भेटतं काय? सगल्या जगाचा हात सैल झालाय मिठाला. एक आपल्या घरात तेवडं जेवन नीट."

चांगुणाआजी चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी भाताचं पातेलं पुढे सरकवलं. "जेवा गुमान. पोरीला बोलून बोलून निवलं सगलं."

रोहिदासच्या मुलीच्या लग्नात मीही होते. तिथली आमटी मलाही खारट लागली होती, हे मला आठवलं. मी त्याचा काही विचार केला नाही.

दुपारी मी कमलाकरकडे गेले आणि म्हणाले, "मीटर ठीक आहे. म्हणजे एक तर बाबांची जीभ बदललीय, नाहीतर खाचरात मला न दिसणारं काहीतरी आहे. कुठलं ते तपासता येईल."

"जीभ बदललीय?" कमलाकर दचकला. "हळू बोला हो."

"बाबांना मी असं म्हणणारच नाही. मी म्हणेन, मला मीटर तपासायचाय, तुमच्या जिभेवर."

तो पहिल्यांदाच मोकळा हसला. "कराडच्या पाण्यात काय घालतात हो?"

चार वाजता देवळाच्या मांडवात, शेंदरी प्लास्टिकच्या टेबलावर मी नऊ स्टीलचे पेले मांडले. एकात साधं विहिरीचं पाणी. बाकीच्यांत लिटरमागे अर्धा ग्रॅम, एक, दीड, असं करत चारपर्यंत मीठ विरघळवलेलं. तोलायला माझा खिशातला काटा होता. प्रत्येक पेल्याच्या बुडाखाली आकड्याची चिठ्ठी चिकटवलेली. मग मी पाठ फिरवून उभी राहिले आणि कमलाकरने पेल्यांच्या जागा बदलल्या, म्हणजे कोणता पेला कुठे आहे हे आम्हा दोघांनाही धड माहीत नाही.

हाशाबाबा धोतर बदलून आले होते. मागे अर्धं गाव.

"परीक्षा कोनाची म्हनलीस?"

"मीटरची."

"मीटर पडला तं?"

"तर कराडला परत पाठवू."

"आन तुना?"

"मला पण."

"मंग मी लबाडी नाय करनार," ते म्हणाले आणि टेबलाशी बसले. "तुज्या हातची चाय बरी असते."

तीन बोटं, जीभ, डोळे बंद. प्रत्येक पेल्यानंतर साध्या पाण्याने चूळ. "हां, लावनी होईल." "नाय." "नाय." "हां." कमलाकर लिहीत होता. मी पेले उचलून बुडाखालच्या चिठ्ठ्या बघितल्या, पेले परत लावले, कमलाकरने पुन्हा जागा बदलल्या. दुसरी फेरी. तिसरी फेरी. तोपर्यंत मांडवात भजनाला असते तेवढी गर्दी झाली होती.

तिन्ही फेऱ्यांत एकही फरक नव्हता. साधं, अर्धा आणि एक ग्रॅम: हां. दीड आणि त्यापुढचे सगळे: नाय. सत्तावीस पेल्यांत एक चूक नाही. जीभ बिघडलेली नव्हती. ती आदल्या वर्षीइतकीच नेमकी होती, फक्त तिची रेघ दोन पूर्णांक तीनवरून सव्वाच्या आसपास सरकली होती. आणि का, हे मला कळत नव्हतं.

"बाकीच्यांनी पण या," मी म्हणाले. "तुलनेला हवेत. तुमच्या मते कुठल्या पाण्यात भात लागेल, एवढंच सांगा."

रांग लागली. कमलाकर साडेतीन ग्रॅमलाही "हां" म्हणाला. मागून कोणीतरी ओरडलं, "त्याला रोज सुक्या बोंबलाशिवाय घास उतरत नाय, तो खाडीत पण भात लावील!" रोहिदासने अडीचवर रेघ मारली. त्याच्या बायकोने दोनवर. आणखी सहा जण दोन आणि तीनच्या मध्ये आले.

"आता मीटरबाय!" कोणीतरी म्हणालं. "ती सुटतेय काय?"

टाळ्या पडल्या. मी बसले. कमलाकरने पेले फिरवले. मी जिभेला लावत गेले आणि मला पाणी जसं वाटलं तसं प्रामाणिकपणे सांगत गेले. हां, हां, नाय, नाय, हां, नाय...

कमलाकरने चिठ्ठ्या वाचल्या. साधं, अर्धा, एक: हां. दीडपासून पुढे: नाय.

मी वहीकडे बघत राहिले. दही-भातावर वरून मीठ घेणारी मुलगी मी. आईने त्यावरून हजारदा टोकलेलं. आमच्या दोघांचं वय वेगळं, गाव वेगळं, जात-पात-पेशा वेगळा. चाखणाऱ्या अकरा जणांत आम्ही दोघंच एका रेघेवर होतो. आमच्यात सारखं असं एकच होतं.

मी वळून बायकांच्या घोळक्याकडे बघितलं. चांगुणाआजी उठून घराकडे निघाल्या होत्या.

"आजी," मी हाक मारली. "डाळीत मीठ किती घालता?"

त्या थांबल्या. वळल्या. पदर तोंडाला लावला. त्या हसतायत की रडतायत हे मला क्षणभर कळेना. हसत होत्या.

"पकडलंस काय गो," त्या म्हणाल्या.

सगळ्या माना आजींकडे वळल्या.

"संक्रांतीला पेनच्या डाक्टरकडं गेलतो," आजी बोलल्या. नवऱ्याकडे न बघता, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं. "ह्यांचं बीपी एकशे सत्तरला. डाक्टर बोलला गोली घ्या आन मीठ निम्मं करा. गोली घेतली. मिठाचं नाव काडलं तं ह्ये डाक्टरवरच उलटले. बोलले, मी मीठ सोडलं तं गावाच्या पान्याची चव कोन सांगनार? मी बोलले बरं. आन घरी येऊन दर सोमवारी चिमूट चिमूट कमी करत गेले. सुकट पन दोनदा धुते. सहा महिने झाले. कोनाला काय कललं नाय. गेल्या महिन्यात आशाताईनं बीपी मोजलं, एकशे अडतीस."

सगळे हाशाबाबांकडे बघत होते. ते पेल्यांकडे बघत होते. चाळीस-पन्नास माणसांसमोर मी हे उघडं केलं होतं. पन्नास वर्षं ज्या माणसाच्या एका शब्दावर गाव शेतात उतरलं, त्याला मी टेबलाशी बसवून खोटा पाडला होता.

"सहा महिने?" ते म्हणाले.

"सहा."

"डाल, आमटी, सगलं?"

"सगलं."

"आन मी म्हनत होतो रोहिदासची आमटी खारट."

"ती नीट होती," रोहिदासची बायको मागून म्हणाली. "मी केलती. तेव्हापासून राग होता माज्या मनात."

हाशाबाबांचे खांदे हलायला लागले. मग आवाज आला. ते हसत होते, टेबलावर थाप मारून, पेले हलतील इतके. "पन्नास वर्सं!" ते म्हणाले. "पन्नास वर्सं गावाला पानी चाखून सांगतोय, आन हिनं घरात माजीच जीभ धुऊन काडली! चार पान्यात धुतली, उघाडी उघडून! आन मना पत्ता नाय!"

मग मांडव फुटला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती.

कमलाकर खाकरला. त्याचं अजून लावणीतच लक्ष होतं. "बाबा, चार दिवस आमच्याकडं जेवा. बोंबील, करंदी, सगळं करतो. जीभ परत जागेवर येईल."

"माज्या घरातला मानूस कुठं जेवनार नाय," चांगुणाआजी म्हणाल्या. हसू एकदम गेलं होतं. "भात लागो नाय तं न लागो."

"आणि जीभ चार दिवसांत जागेवर येतही नाही," मी म्हणाले. "आठवडे लागतात. तोवर उघडीप पडेल."

कमलाकरने माझ्या वहीकडे बोट केलं आणि लगेच खाली घेतलं. मीटर चौदा सांगत होता, पण मीटरचं ऐकून नवव्या दिवशी तांबडं झालेलं खाचर मांडवातल्या प्रत्येकाला आठवत होतं.

हाशाबाबांनी नऊही पेले एका ओळीत लावले. मग मला विचारलं, "माजी गेल्या सालची रेघ किती होती म्हनलीस?"

"दोन पूर्णांक तीन."

"ती रेघ माजी होती ना? मशीनची नाय?"

"तुमचीच. मी फक्त लिहून ठेवली."

"मंग तेवड्या खाराचं पानी बनव. बाटलीत. उद्या ती बाटली घेऊन मी खाचरात उतरतो. आधी बाटलीतलं चाखीन, मंग खाचरातलं. कुठलं जास्त खारं, येवडं तं मी झोपेत सांगीन. चव लक्षात ठेवायची गरजच नाय." त्यांनी आजींकडे बघितलं. "मंग हिला काय घालायचं ते घालू दे डालीत."

प्रयोगशाळेत आम्ही हेच करतो, माहीत असलेल्या पाण्याशी माहीत नसलेलं पाणी ताडून बघतो. हे मला शिकायला दोन वर्षं आणि एक पदवी लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर एकतीस जण होते. बघ्यांची भर पडली होती. पाऊस थांबलेला, आभाळ अजून भरलेलं. हाशाबाबांच्या गळ्यात दोरीने बाटली बांधलेली. एक बोट बाटलीत, जिभेला. तीन बोटं खाचरात, जिभेला. डोळे मिटायचे.

"हां."

"हां."

"हां."

चौथ्या खाचरात "हां" आलं तेव्हा कमलाकरने लिहिण्याआधी आभाळाकडे बघून घेतलं. मी मागून मीटर धरत होते आणि आकडा मोठ्याने वाचत नव्हते. तसं आमचं ठरलं होतं. दहा खाचरांपर्यंत आमचं एकदाही बिनसलं नाही.

अकरावं खाचर हाशाबाबांचं स्वतःचं. त्यांनी चाखलं, पुन्हा बाटली चाखली, पुन्हा खाचर चाखलं.

"हां."

माझ्या मीटरवर दोन पूर्णांक सहा होतं.

शेवटी आकडे मिळवले. जिभेची "हां" पंधरा, मीटरची चौदा. उघाडीजवळच्या तीन खाचरांना दोघांनीही नकार दिला होता. फरक फक्त अकराव्याचा.

"बाबा, अकरा नंबर थांबवा," मी म्हणाले. "पुढच्या पावसानंतर लावू. तुमचंच नुकसान होईल."

"माजी जीभ बोलते लागेल."

"मीटर म्हणतो नाही लागणार."

"बाटलीपेक्षा कमी खारं हाय ते. मी दोनदा बघितलं."

"मी पण दोनदा बघितलं."

"ए, भांडू नका," कमलाकर म्हणाला. "माणसं वर रोपं उपटायला गेलीत."

हाशाबाबांनी कंबरेला वेढे देऊन गुंडाळलेली लांब दोरी सोडली. तिचं एक टोक खाचराच्या या बांधाला खुंटी ठोकून बांधलं, दुसरं टोक धरून चिखल तुडवत पलीकडे गेले आणि तिकडे खुंटी ठोकली. खाचराचे बरोबर दोन भाग झाले. पाच-पाच गुंठ्यांचे. मी टेपने मोजून खात्री केली.

"अलीकडचं माज्या जिभेचं," ते म्हणाले. "आज लावायचं. पलीकडचं तुज्या मीटरचं. मीटर हां बोलला का लावायचं. रोप तेच, हात तेच. मंग झोडपनीला काटा आन तुजा."

"आणि मध्ये पाणी इकडून तिकडे गेलं तर?"

त्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. "हे बरं विचारलंस." आणि दोरीखाली वीतभर उंच मातीचा बांध घालायला बसले. मीही बसले. तो घालायला आम्हाला सव्वा तास लागला. तोवर पहिल्या खाचरात लावणी सुरू झाली होती. बायका वाकून एका ओळीत मागे मागे येत होत्या, चांगुणाआजी सगळ्यांच्या पुढे, आणि तिथून त्यांचा आवाज येत होता, "बाटलीवाल्या! जीभ सांभाल, मी नाय येनार तितं बगायला!"

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. चौदा खाचरं आणि एक अर्धं तोवर लागून झाली होती. मीटरच्या अर्ध्यातलं पाणी आटत गेलं आणि आकडा वर चढत गेला. पाऊस परत आला तो बाराव्या दिवशी. आकडा दोन पूर्णांक दोनवर आला तेव्हा राहिलेली रोपं बेचाळीस दिवसांची होती. आम्ही ती त्याच दिवशी लावली.

कार्तिकात झोडपणी झाली. दोन्ही ढीग मी वेगवेगळे वाळवून घेतले, उफणून घेतले, आणि हाशाबाबांच्या समोर, कमलाकरच्या समोर, तीन-तीनदा तोलले. दोरीच्या अलीकडे, जिभेच्या अर्ध्यात, एकशे अठरा किलो चारशे ग्रॅम. पलीकडे, मीटरच्या अर्ध्यात, बेचाळीस दिवसांच्या रोपांचं, शहात्तर किलो नऊशे ग्रॅम.